अनुभव धागा : स्वमग्नता, एडीएचडी आणि तरुणपणातले रोजचे जगणे

स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे कठीण जाणे, चंचलता, उतावळेपणा) या दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत असू शकतात, हे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीने २०१३ मध्ये मान्य केले. त्याआधी तिच्यानुसार स्वमग्नतेचे निदान झाले की एडीएचडीचे देता येत नसे. त्यामुळे आज पंचविशी-तिशीत असलेल्या अनेकांचे बालपण ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ आणि ‘कोणात मिसळत नाही’ या दोन शेऱ्यांवरच निभावले गेले. माझा धाकटा भाऊ त्यांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी २६ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. झोप कशी लागते, लक्ष कितपत लागते, पैसा पुरतो का, मित्रांचा आधार मिळतो का, येण्याजाण्याची सोय कशी आहे, असे साधेच प्रश्न तिच्यात आहेत, आणि उत्तरे गेले दोन आठवडे डोळ्यांसमोर ठेवून द्यायची असतात. भावाने ती भरायला घेतली आणि थोड्या वेळाने पेन खाली ठेवून विचारले, “यातला कोणता दिवस धरू?”

त्या प्रश्नामुळे हा धागा काढते आहे. निदान झालेले असो वा नसो, ज्यांना ही लक्षणे स्वतःत जाणवतात त्यांनी आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांनी लिहावे. उपाय सुचवण्याऐवजी आपला दिवस कसा जातो ते लिहावे, एवढीच विनंती आहे.

पुणे, वय २७

मी सॉफ्टवेअर चाचणीचे काम करते. दोन्ही निदाने पंचविसाव्या वर्षी झाली. मला रोजचा क्रम ठरलेला लागतो, आणि तो क्रम पाळणे मलाच जमत नाही. सकाळचा चहा त्याच कपात, त्याच जागी बसून झाला नाही तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते; पण तोच चहा गॅसवर ठेवून मी दुसऱ्या खोलीत जाते आणि करपल्याचा वास आला की धावत येते. या वर्षात तीन पातेली टाकून द्यावी लागली.

कार्यालयात समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे, योग्य जागी हसणे, बोलण्यात आपली पाळी कधी येते ते ओळखणे, हे सगळे मी इतरांकडे पाहून शिकले आहे, आणि दिवसाची बहुतेक शक्ती त्यातच जाते. घरी आल्यावर तासभर तोंडातून शब्द फुटत नाही. आईला पूर्वी तो रुसवा वाटत असे. निदानानंतर आम्ही एक खूण ठरवली. दाराजवळच्या खुंटीला मी निळी ओढणी अडकवली की कोणी काही विचारायचे नाही, फक्त ताट वाढून झाकून ठेवायचे. जगणे कशाने सुसह्य झाले, असे कोणी विचारले तर मी आधी या ओढणीचे नाव घेईन. गोळ्यांनी कामात लक्ष लागू लागले, हेही खरे आहे. मात्र त्याच सुमारास पंख्याची घरघर आणि शेजारच्या कीबोर्डचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त टोचू लागला, आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला मला चार महिने लागले.

नागपूर, वय २३

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, एडीएचडी नाही. मला एडीएचडी आहे आणि स्वमग्नतेची लक्षणे आहेत, पण दिव्यांगत्वाच्या मोजणीत ती सवलतींसाठी लागणाऱ्या ४० टक्क्यांपर्यंत पोहोचली नाहीत, म्हणून परीक्षेत जादा वेळ मिळाला नाही. लेखनिक हवा असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला की ही सोय फक्त ४० टक्क्यांच्या वरच्यांपुरती ठेवता येणार नाही. तो निकाल छापून मी महाविद्यालयात दिला. माझी परीक्षा होऊन गेली, उत्तर अजून आलेले नाही. औषधाचेही तसेच. एडीएचडीवर दिले जाणारे मिथिलफेनिडेट नियंत्रित औषध असल्यामुळे बरेच दुकानदार ते ठेवत नाहीत, आणि चिठ्ठी पुढे केल्यावर ज्या नजरेने पाहतात ती सोसणे मला जड जाते.

डोंबिवली, वय २९

मी पहाटेची लोकल पकडतो, कारण आठच्या गर्दीत अंगाला अंग घासले की पुढचे काही तास डोके काम करत नाही. दोन तास आधी पोहोचून रिकाम्या कार्यालयात बसतो. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी रजा काढून बहिणीकडे देवरुखला जातो. ढोल-ताशाचा आवाज मला कानांपेक्षा दातांत जाणवतो. बाप्पावर श्रद्धा आहे, तरी दरवर्षी घरच्यांना हे नव्याने समजावावे लागते, याचे वाईट वाटते.

सातारा, २४ वर्षांच्या मुलाची आई

मुलगा लहान असताना आम्ही स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामे जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) आठवड्यातून दोनदा पुण्याला जात होतो. अठरानंतर कोणी नीट दाद दिली नाही. ज्या केंद्रात चौकशीला गेलो तिथल्या खुर्च्याही पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या होत्या, आणि सहा फुटांचा माझा मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. आता तो आमच्या रोपवाटिकेत काम करतो. एका ट्रेमध्ये किती रोपे जगली, हे तो न मोजता सांगतो. मोटर बंद करायचे मात्र हमखास विसरतो, म्हणून तिला टायमर लावला आहे. स्वमग्नता आणि अशा काही दिव्यांगत्वांसाठी असलेल्या राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या १९९९ च्या कायद्याखाली सज्ञान मुलाच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करता येतो, हे मला कळले आहे. परंतु आपले बरेचसे निर्णय तो स्वतः घेतो. अशा मुलावर पालक नेमावा का, हा प्रश्न घेऊन मी रात्ररात्र जागते. ज्यांनी हा निर्णय घेतला असेल त्यांनी कृपया लिहावे.

कोल्हापूर, वय २१

माझे निदान झालेले नाही. तपासणीचे पैसे घरी कशासाठी म्हणून मागायचे, हे मला ठरवता येत नाही. वसतिगृहात रात्री अकरापर्यंत खोलीत माणसांची ये-जा असते. पुण्याच्या ताईंनी लिहिलेली ओढणीची खूण मी काल माझ्या खोलीतल्या मित्राला वाचून दाखवली. त्याने काही न बोलता स्वतःचा पांढरा टॉवेल माझ्या खाटेच्या कडेला टाकला आणि दार लोटून घेतले.