मदत हवी आहे: जुन्या स्लॅबची खडी आणि पीसीसीचं (बिनसळईच्या काँक्रीटचं) पाणी

पंचवटीतलं जुनं घर पाडलंय. स्लॅबचा राडारोडा फोडून २० एमएमची खडी केली. विटा, प्लास्टर आधीच वेगळं काढलं. आयएस ३८३ (२०१६) या खडी-वाळूच्या भारतीय मानकानुसार एम-१५ (ताकदीचा ग्रेड) खालच्या काँक्रीटला सगळी, म्हणजे १०० टक्के, खडी अशी चालते, म्हणून फक्त पायाखालच्या एम-१० पीसीसीत घालतोय. कॉलम-स्लॅबला नवीन खडीच. सिमेंट फ्लाय अ‍ॅशवालं (कोळशाची राख मिसळलेलं) पीपीसी.

अडचण पाण्याची. खडीला चिकटलेला जुना मॉर्टर (सिमेंट-वाळूचा थर) पाणी पितो. कोरडी घातली तर माल मिक्सरमधून निघतानाच घट्ट, भिजवून लगेच घातली तर कडेने पाणी सुटतं. मिस्त्री म्हणतो, "टाका अजून अर्धी बादली", ते काही पटत नाही.

साइटवर लॅब नाही, वजनकाटा आहे. भिजवलेली खडी किती निथळू द्यायची आणि तिच्या वजनावरून मिक्सचं पाणी किती कमी करायचं, हे कसं काढायचं?