मदत हवी आहे: स्वरांच्या खुणा आणि गायब होणारा ‘तो’

सई_सध्या_परदेशी: सबटायटल्सची फाइल उद्या सकाळी द्यायचीय. स्वराखाली कधी आडवी रेघ, कधी डोक्यावर नागमोडी. एकाच शब्दाला दोन्ही! कुठली ठेवू? शिवाय कर्त्यानंतर येणारा ‘तो’ हा शब्द मधेच गायब होतो. टायपिंगमध्ये गळलाय का? लवकर सांगा प्लीज.

भाषाभुंगा: भाषा कुठली?

सई_सध्या_परदेशी: चिब्चन. लिहिलं नाही का?

भाषाभुंगा: नाही :) आणि ते अख्खं भाषाकुळ आहे. पनामातली कुना, कोलंबियातली कोगी, बोगोटाकडची मुइस्का (ती 18व्या शतकात संपली)... यातली कुठली?

सई_सध्या_परदेशी: ब्रिब्री. कोस्टा रिका, तालामांका.

मालवणी_माणूस: मग दोन्ही खुणा एकच, अनुनासिक स्वर. पुस्तकागणिक पद्धत वेगळी. एक धरा नि सगळीकडे तीच ठेवा. आमच्या आजीने नुसतं ऐकून सांगितलं असतं. तुम्हा पुणेकरांना नाकातलं ऐकूच येत नाही.

सई_सध्या_परदेशी: मी अमरावतीची आहे.

व्याकरणवेडा: ‘तो’ म्हणजे आपला ‘ने’. ‘बाळू आला’, पण ‘बाळूने भात खाल्ला’. क्रियापद सकर्मक असेल तरच येणार. सोपं आहे.

भाषाभुंगा: अर्धंच बरोबर. आपला ‘ने’ मुख्यतः भूतकाळात, आणि ‘मी’ला तर लागतच नाही. ब्रिब्रीत वर्तमानातही येतो आणि ‘मी’लाही. ‘येʼ’ म्हणजे मी. ‘येʼ तो’चं बोलताना ‘येʼर’ होतं. सई, गायब वाटतोय तिथे आधीच्या शब्दाला ‘र’ चिकटलाय का?

सई_सध्या_परदेशी: अरे देवा. टायपो समजून चार ठिकाणचा ‘र’ उडवला मी.

व्याकरणवेडा: वर्तमानात? उदाहरण द्या.

फिरस्ता७७: डिसेंबरात जात असाल तर पॅसिफिकची बाजू बघा. कॅरिबियनकडे तेव्हाही पाऊस.

मालवणी_माणूस: स्वरावरच्या बारक्या तिरक्या रेघा जपा हं, ते सूर आहेत. ‘अला’च्या शेवटच्या स्वरावर उजवीकडे उतरती रेघ असेल तर मूल, चढती असेल तर ढगांचा गडगडाट.

सई_सध्या_परदेशी: कीबोर्डवर चढतीच सापडली, तीच सगळीकडे टाकलीय. म्हणजे माझ्या फाइलीत बाई तासभर गडगडाटाला आंघोळ घालतेय. बसते परत.

व्याकरणवेडा: वर्तमानाचं उदाहरण अजून आलेलं नाही.