मदत हवी आहे: अडीच तासांचं कीर्तन अखंड टिपायला कोणता व्हिडिओ कॅमेरा घ्यावा?

कीर्तनार्थी:

नमस्कार मंडळी,

आमच्या बुवांचं वय आता ७९ आहे. नारदीय कीर्तन करतात, अजूनही उभं राहूनच. मी अकरा वर्षं त्यांच्याकडे शिकतेय. येत्या चातुर्मासात पुण्यातच त्यांची वीसेक कीर्तनं ठरली आहेत. ती सगळी पहिल्या नमनापासून आरतीपर्यंत रेकॉर्ड करून ठेवायची, असं आम्ही शिष्यांनी ठरवलंय. वर्गणी काढून सव्वादोन लाख जमलेत. पैसे सगळ्यांचे आहेत, म्हणून निर्णय चुकायला नको.

पूर्वी आमच्यातले एक काका मिनी-डीव्हीवर शूटिंग करायचे. कॅसेट ६० मिनिटांची. पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, संपून बुवांना हार घातला, बुक्का लावला की नामगजर चालू असताना भराभर कॅसेट बदलायची. पूर्वरंग लांबला की मात्र निरूपण मधेच तुटायचं. कॅसेटी अजून चालतात, पण एका आख्यानातली मोक्याची दहा-बारा वाक्यं त्या बदलण्यात कायमची गेली आहेत.

गेल्या चैत्रात एकाचा मिररलेस कॅमेरा मागून आणला. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तो तापून बंद पडला. मी पुढे झांज घेऊन साथीला उभी होते, मला पत्ताच नाही. घरी येऊन फाइल उघडली तेव्हा कळलं की उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, आलेलाच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सध्या तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत: सोनी पीएक्सडब्ल्यू-झेड९०, पॅनासॉनिक एचसी-एक्स२००० आणि सोनी एफएक्स३०. पहिले दोन सेकंडहँडही चालतील. कॅमेरा सभामंडपाच्या मागच्या खांबापाशी, बुवांपासून १२ ते १५ मीटरवर लागतो. उजेड ट्यूबलाइट आणि एलईडीचा, फार नाही. पॅनासॉनिकचा झूम २४ पट आणि सोनी झेड९० चा १२ पट, म्हणून मन पॅनासॉनिककडे झुकतंय. हा विचार बरोबर आहे का? आणि देवळाच्या मिक्सरमधून आवाज थेट कॅमेऱ्यात घेता येतो का?

पेठेतला कॅमेरावाला:

ताई, झूमच्या आकड्यावर जाऊ नका. तुमच्या अंतराचा हिशेब करू. झेड९० ची लेन्स ३५ मिमीच्या मापात (वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची तुलना करायचं नेहमीचं माप) ३४८ मिमीपर्यंत जाते. १५ मीटरवरून त्यात साधारण दीड मीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे बुवा कमरेपासून वर, हातवाऱ्यांसकट. पॅनासॉनिक ६०० मिमीपर्यंत जातो, तिथे चेहरा आणि खांदेच मावतात. कीर्तनात बुवा सतत पुढेमागे होतात, इतकं जवळ जाऊन त्यांना चौकटीत ठेवणं कठीण होईल.

खरा फरक उजेडात पडतो. झेड९० चा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) १ इंची, एक्स२००० चा १/२.५ इंची. क्षेत्रफळ चौपटीहून जास्त. पॅनासॉनिकची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ १.८ आहे, सोनीची एफ २.८ (आकडा लहान तितका उजेड जास्त), त्यामुळे वाइडला अंतर बरंच भरून निघतं. पण तुम्ही वापरणार टेली, म्हणजे पूर्ण झूम, आणि तिथे पॅनासॉनिक एफ ४, सोनी एफ ४.५. म्हणजे लेन्सचा फायदा जवळजवळ संपला आणि लहान सेन्सर तेवढा राहिला. तुमच्या मंडपात काळ्या भागात दाणे दिसतील. माझं मत झेड९०.

एफएक्स३० चं चित्र या दोघांपेक्षा सरस आहे, आत पंखा असल्याने तापून बंद पडायची भीतीही कमी. पण लेन्स वेगळी घ्यावी लागते. पॉवर झूमची (मोटरवर झूम होणारी) १८-१०५ मिमी लेन्स घेतली तर १५ मीटरवरून चौकट साडेतीन मीटरच्या आसपास रुंद, शिवाय एक्सएलआरचं (माइक-मिक्सरच्या जाड तारा जोडायच्या सॉकेटचं) हँडल हवंच. सव्वादोन लाखांत हे सगळं बसवताना ओढाताण होईल.

आणखी एक. शटर १/५० वर ठेवा आणि रेकॉर्डिंग २५ किंवा ५० फ्रेमवर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ६० च्या सेटिंगवर ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. काही स्वस्त एलईडी तरीही त्रास देतात, म्हणून आदल्या दिवशी मंडपातच पाच मिनिटं शूट करून घरच्या मोठ्या पडद्यावर बघा.

मृदंगी:

आवाजाबद्दल लिहितो. मिक्सरमधून घेता येतो आणि घ्याच, कारण मागच्या खांबापाशी पंख्याचीच घरघर जास्त येते. पण मिक्सरमधून येतो तो लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरकस सिग्नल. कॅमेऱ्याच्या एक्सएलआर इनपुटजवळ लाइन, माइक आणि माइक + ४८ व्होल्ट असा छोटा स्विच असतो. तो माइकवर राहिला तर पहिल्या झांजेलाच आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. ४८ व्होल्ट तर मिक्सरला मुळीच देऊ नका, ते कंडेन्सर माइकसाठी (वीज लागणाऱ्या माइकसाठी) असतात.

चॅनल एकवर मिक्सर, चॅनल दोनवर मंडपातला माइक. नुसता मिक्सर घेतला तर श्रोत्यांचा ‘विठ्ठल विठ्ठल’ येणारच नाही, आणि त्याशिवाय कीर्तन कोरडं वाटतं. आवाजाची पातळी ऑटोवर नको. बुवा हळू बोलले की ऑटो पंख्याचा आवाज वर ओढतो.

कीर्तनार्थी:

दोघांचेही मनापासून आभार. चौकटीचा हिशेब वाचल्यावर मी आज देवळात टेप घेऊन गेले. खांबापासून पाटापर्यंत १३ मीटर २० सेंटिमीटर भरलं. झेड९० पुरेल.

कार्डाचं गणित मांडलंय, तपासून द्याल का? ४के सेकंदाला १०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी, अडीच तासांना ११२. १२८ जीबीचं कार्ड अगदी काठोकाठ होतं. एचडी ५० मेगाबिटला निम्मं, ५६. दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी रेकॉर्डिंग करून एक प्रत लगेच दुसऱ्या शिष्याच्या घरी ठेवायची, म्हणून मी एचडीच धरतेय. कुणाला पटत नसेल तर कारणासकट सांगा.

शनिवारी भाड्याने झेड९० आणून मंडपात पूर्ण अडीच तास चालवून बघणार आहे. बुवांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग नुसता कॅमेरा कशाला तपासतेस, मी येऊन आख्यान लावतो.’ तेव्हा शनिवारी चाचणीत खरंच कीर्तन होईल. ट्रायपॉडसाठी कुणाकडे चांगलं फ्लुइड हेड (कॅमेरा झटका न देता फिरवता येईल असं डोकं) एका दिवसापुरतं मिळेल का?