बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मारियानो रिव्हेराला एवढा मोठा का मानतात?

न्यूजर्सीकर: ऑफिसातले सगळे याचं नाव काढलं की हळवे होतात. पण हा पिचर (बॉल टाकणारा) तर शेवटी येऊन एकच इनिंग टाकायचा ना, मग त्यात एवढं काय?

जुना_यांकी: अहो एकच इनिंग पण कुठली ते बघा, नववी म्हणजे शेवटची, आणि आघाडी बहुतेक एक ते तीन रनांची, म्हणजे आपल्याकडे विसाव्या ओव्हरला सहा रन वाचवायचे असतात ना तसं, आणि हे त्याने ६५२ वेळा केलं, आजही रेकॉर्ड आहे. आणि बॉल जवळजवळ एकच, कटर! सरळ येतोय वाटतो आणि शेवटच्या क्षणी डावखुऱ्याच्या अंगात घुसतो, बॅट मुठीजवळ मोडायची. सगळ्यांना माहीत असायचं काय येणार, तरी मारता यायचं नाही. वडील पनामात मच्छीमार, हाही आधी बोटीवरच होता.

स्वाती_पुणे: २००१ ची वर्ल्ड सिरीज (वर्षाची अंतिम मालिका) पण बघ, सातव्या मॅचला ॲरिझोनाविरुद्ध शेवटी त्याच्याच हातून गेली, खूप वाईट वाटतं बघताना. तरी पुढे १२ वर्षं खेळला. २०१२ ला सरावात गुडघा गेला, तेव्हा वय ४२, तरी परत आला.

जुना_यांकी: हो, आणि २०१३ ला घरच्या मैदानावर शेवटच्या वेळी त्याला बाहेर न्यायला नेहमीसारखा मॅनेजर नाही, त्याचे जुने सहकारी जीटर आणि पेटिट आले. पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला तो. मी अजून बघतो ते. २०१९ ला हॉल ऑफ फेमला (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान) ४२५ पैकी ४२५ मतं, आधी कुणालाच शंभर टक्के नव्हती मिळाली.