हंगाम चालू असताना मुलीचा खो-खो क्लब बदलता येतो का?

कुपवाडची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, तेरावं लागलंय. आम्ही सांगलीजवळ कुपवाडला राहतो. चौथीपासून ती विश्रामबागेच्या बाजूच्या एका क्लबात खो-खो खेळते. पळायला चपळ आहे, पहिल्या तुकडीत उतरवतात. खांबावर सूर मारताना अजून घाबरते, गुडघे कायम सोललेले.

मुलींना शिकवणाऱ्या ताई जूनमध्ये लग्न होऊन पुण्याला गेल्या. तेव्हापासून मुलींचा सराव मुलांचा संपल्यावर, म्हणजे साडेसातला सुरू होतो. मैदानावर एकच दिवा, तोही पाऊस आला की जातो. तिथे एकही बाई नसते. पोरगी घरी यायला नऊ वाजतात. मिरज रस्त्याला दुसरा क्लब आहे, तिथे पाचला सराव असतो आणि शिकवायला बाई आहेत. तिला तिकडे घालायचं ठरवलं.

अडचण अशी, की ऑगस्टमध्ये या क्लबने मुलींची नोंदणी केली आणि फॉर्मवर मीच सही केलीय. परवा सचिवांना विचारलं तर म्हणाले, "ना-हरकत मिळणार नाही. गेलात तर दोन वर्षं बसावं लागेल, शाळेकडूनही खेळता येणार नाही." जन्माचा दाखला आणि आजवरची सगळी प्रमाणपत्रंही त्यांच्याच फाइलला आहेत. शाळेची जिल्हास्तर स्पर्धा तोंडावर आलीय. हिचे बाबा म्हणतात, गप्प बस, एवढं वर्ष काढू. नियम खरंच असा आहे का?

तासगावचा_चढाईपटू

ताई, सगळीकडे हेच. आमच्या पोराला कबड्डीत असंच अडकवलेलं. चुलत्यांनी सचिवांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि प्रश्न मिटला. नियमबियम नंतर.

शिट्टीवाले_मास्तर

चहाने मिटत असेल तर उत्तमच, पण न मिटल्यास काय ते सांगतो. मी सातारचा. शाळेत खेळ शिकवण्यात नोकरी गेली, आता स्पर्धांना गुणलेखकाच्या टेबलावर बसतो.

ताई, सचिवांनी तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधून तुमच्या डोक्यावर दिलीय. ती आधी सोडा.

पहिली शाळा. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय भरवतं. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आपला विभाग कोल्हापूर, त्यात सांगली, सातारा आले, रत्नागिरी-सिंधुदुर्गही आले. तुमची मुलगी १४ वर्षांखालील गटात येईल. प्रवेशिकेवर सही मुख्याध्यापकांची असते आणि मुलगी शाळेच्या पटावर असावी लागते. क्लबच्या सचिवांचा तिथे काडीचा संबंध नाही. त्यामुळे शाळेकडून खेळता येणार नाही ही नुसती धमकी आहे. उद्या शाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांना भेटा आणि यादीत तिचं नाव आहे ना, एवढं डोळ्यांनी बघून या.

दुसरा क्लब. इथे मात्र सचिवांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. जिल्हा खो-खो असोसिएशनच्या किशोरी, म्हणजे लहान मुलींच्या गटाची जिल्हा स्पर्धा म्हणजेच जिल्हा संघाची निवड चाचणी. त्यात एका मुलीने एका हंगामात दोन क्लबांकडून उतरायचं नसतं. ती चाचणी झालीय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावरच आहे. झाली असेल आणि ती जुन्या क्लबकडून खेळली असेल, तर यंदा दुसरी जर्सी घालू नका.

का, ते सांगतो. एका उपांत्य सामन्यात मी टेबलावर होतो. मध्यंतराला मागे पडलेल्या बाजूचा माणूस दोन याद्या घेऊन आला. एकाच मुलीचं नाव दोन्हींत. आडनाव एक, जन्मतारीख एक, फक्त क्लब वेगळा. हरकत लेखी आली, शुल्क भरलं गेलं, पंचप्रमुखांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दहा मिनिटांत आख्खा संघ बाद. त्या मुलीने पहिल्या डावात एकटीने अडीच मिनिटं संरक्षण केलं होतं, म्हणजे बाद न होता पळत राहिली होती. इतर अकरा जणींना काय झालं ते कळेना, त्या बुटांच्या नाड्या बांधून दुसऱ्या डावाची वाट बघत उभ्या होत्या. त्या पोरीला कोणी काही बोललं नाही, हे जास्त वाईट. ज्या मोठ्या माणसाने तिला तसं उतरवलं तो तोवर मोटरसायकलवर बसून निघून गेला होता.

तिसरा जिल्हा संघ. निवड झाली तर ती सांगलीकडून खेळणार, क्लब कुठलाही असो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात क्लब बदलल्याने ते हक्क जात नाहीत. पण उद्या कोणी म्हणालं, जयसिंगपूरला घाला, जवळच आहे, तर सावध. अंतर कमी असलं तरी तो कोल्हापूर जिल्हा. तिथे प्रकरण राज्य असोसिएशनपर्यंत जातं.

दोन वर्षं बसण्याचं म्हणाल, तर सचिवांना म्हणा, नियमावलीतलं पान दाखवा. आवाज न चढवता म्हणा. नियम असेल तर छापील असेल.

कराडची_मावशी

माझी भाची डॅलसजवळ असते, ती चीअरलीडिंग करते. सामन्याच्या कडेला झुबके हलवतात ते नव्हे, स्पर्धेचं. त्यासाठी वेगळ्या जिम असतात आणि मधेच जिम बदलली की तिकडेही हाच तमाशा. मे महिन्याच्या सुमारास निवड होते, मग आई-बाप वर्षभराच्या करारावर सही करतात. मधे सोडलं तर गणवेशाचे आणि नाच बसवण्याचे पैसे गेले, काही जिम उरलेली फीसुद्धा मागतात.

मला आधी वाटायचं, लहान पोरांना असं बांधून घालतात, काय हे. मग बहिणीने व्हिडिओ दाखवला. सगळा खेळ अडीच मिनिटांचा. दोघी खाली, एक मागे, आणि चौथीला हातांवर उभी करायची. ती चौथी नोव्हेंबरात दुसऱ्या जिमला गेली, तर खालच्या तिघी काय करणार? नुसती उंची-वजन जुळणारी मुलगी आणून चालत नाही, तिघींच्या हातांना तिची सवय व्हावी लागते. तिकडची संघटना वयोगट आणि पातळ्या ठरवते, पण फीचा करार जिम आणि पालक यांच्यातच.

तासगावचा_चढाईपटू

मावशी, विषय कुपवाडचा चाललाय, तुम्ही डॅलसला पोचलात 😄

शिट्टीवाले_मास्तर

चढाईपटू, मावशींचं बोलणं अगदी मुद्द्याला धरून आहे. खो-खोतही तसंच. मैदानात नऊ, संरक्षणाला तीन-तीनच्या तुकड्या. पहिल्या तुकडीची मुलगी गेली की नुसती एक जागा रिकामी होत नाही. तिच्याबरोबर पळणाऱ्या दोघींना ती कधी साखळीत शिरते, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळते, कधी हूल देऊन मागे वळते हे पाठ झालेलं असतं. पावसाळाभर चिखलात घोटून ते बसवलेलं असतं. सचिव चिडले ते त्यामुळे, आणि तो राग मला पटतो. दाखले अडकवणं पटत नाही.

मावशींच्या तिकडे निदान कागद तरी असतो. आपल्याकडे सही घेतात नोंदणीच्या फॉर्मवर आणि नंतर तिचा अर्थ करार म्हणून सांगतात. ताई, त्या फॉर्मचा फोटो आहे का तुमच्याकडे? त्यात "हंगामभर बांधील" असं वाक्य आहे का बघा. बहुधा नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांची संमती एवढंच असेल.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, महिलांची कर्णधार आपली प्रियंका इंगळे. तेव्हापासून आमच्या मैदानावर तरी क्लब खेळाडूंना फार जपायला लागलेत. चांगलंय, पण जपताना दिवा तरी लावा.

आता कामाचं. सचिवांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहा. मुलींच्या सरावाला बाई नाही, सराव अंधारात होतो, मुलगी नऊला घरी येते, हे पहिल्या ओळीत. नवा क्लब किती चांगला आहे ते लिहू नका, त्याने माणूस जास्त चिडतो. खाली दोन मागण्या: ना-हरकत आणि मूळ कागदपत्रं. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, सही-तारखेसकट. एक प्रत जिल्हा असोसिएशनला द्या. जन्मदाखल्यासाठी भांडत बसू नका, जन्म तुमच्या शहरातला असेल तर सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेतून दुसरी प्रत मिळते. प्रमाणपत्रं मात्र सोडू नका. दहावीला क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा कागद लागतात आणि तोवर त्या क्लबचे सचिव कोण असतील, फाइल कुणाच्या माळ्यावर असेल, देव जाणे.

कुपवाडची_आई

मास्तर, मावशी, खूप आभार. चाचणी गेल्या महिन्यातच झाली, ती जुन्या क्लबकडूनच खेळली. राखीवमध्ये नाव आलंय. फॉर्मचा फोटो सापडला, बांधील वगैरे काही नाही.

म्हणजे यंदा नव्या क्लबात जायचंच नाही का? हिवाळ्यात अंधार आणखी लवकर पडेल.

शिट्टीवाले_मास्तर

खेळायचं नाही. शिकायला जायला कोण अडवतंय? नोंद एकीकडे, सराव दुसरीकडे, हे यंदापुरतं चालतं. नव्या बाईंना आधीच सांगा, यंदा यादीत नाव घालू नका, बाहेरगावच्या निमंत्रित स्पर्धेलाही नाही. तिथेच कुणाला तरी मोह होतो. राखीवमध्ये आहे म्हणजे जिल्ह्याच्या शिबिराला बोलावणं येऊ शकतं. आलं तर पाठवा. शिबिरात मुलींबरोबर महिला व्यवस्थापक कोण आहे, हे विचारून मगच.

जुन्या क्लबातल्या बाकीच्या मुलींच्या आयांनाही अर्ज दाखवा. पाच जणींच्या सह्या आल्या तर कदाचित सरावाची वेळच बदलेल आणि क्लब बदलायची गरजच पडणार नाही.

कुपवाडची_आई

अर्ज दिला. सचिवांनी आधी पोहोच द्यायला नकार दिला, मग शिपायाने शिक्का मारून दिला. चार आया माझ्याबरोबर होत्या. प्रमाणपत्रं मिळाली, एक कमी आहे, शोधतो म्हणालेत. वेळेचं समितीपुढे ठेवतो म्हणाले, तारीख सांगितली नाही. शाळेच्या यादीत नाव आहे, स्वतः बघून आले.

सोमवारपासून पाचला मिरज रस्त्याला सरावाला पाठवतेय, नुसतं शिकायला. बाईंना यादीचं सांगितलंय, त्या लगेच हो म्हणाल्या. खांबावरचा सूर आधी गादीवर घेतात म्हणे. येताना गुडघ्याचे पॅड आणायला सांगितलेत. मास्तर, लहान मुलींच्या मापाचे घसरतात हो, त्याला काही उपाय आहे का?