चेक-इनची स्क्रीन एकच लांब ठेवायची की तीन पायऱ्यांत तोडायची? आणि हे ठरवायचं कोणी?

पर्वरीकर

आमचं गोव्यातल्या गेस्ट हाऊस आणि छोट्या हॉटेलांसाठीचं बुकिंग सॉफ्टवेअर आहे. ग्राहक साधारण १४०. हळदोण्यातल्या सहा खोल्यांच्या घरापासून कळंगुटच्या ४० खोल्यांपर्यंत. वाद चेक-इनच्या स्क्रीनवरून आहे. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत सी-फॉर्म (त्याची सरकारी नोंद) ऑनलाइन भरावा लागतो. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, पुढे कुठे जाणार, सगळं काउंटरवरच टिपायचं. एकूण २६ रकाने.

डिझायनर म्हणतो तीन पायऱ्या करा. सेल्सवाले म्हणतात सगळं एका पानावर हवं, डेमोत तेच खपतं. मीटिंगमागून मीटिंग होते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं तात्पुरतं खरं ठरतं. 'ए-बी टेस्ट करा (अर्ध्यांना एक स्क्रीन, अर्ध्यांना दुसरी) आणि मोकळे व्हा' असाही एक सूर आहे. ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो. करायचं काय?

टॅबकी

आधी ए-बी टेस्टचा हिशेब बघा. समजा शंभरातले १० फॉर्म चुकीमुळे परत येतात आणि ते ८ वर आले का, हे पाहायचंय. नेहमीच्या अटींवर (नसलेला फरक 'आहे' म्हणायची शक्यता ५ टक्के, खरा फरक पकडायची ८० टक्के) प्रत्येक बाजूला सुमारे ३,२०० फॉर्म लागतात. वरून एकाच रिसेप्शनिस्टने भरलेले दोनशे फॉर्म हे दोनशे वेगळे पुरावे नव्हेत. हात तोच, सवय तीच. खरा एकक हॉटेल आहे, म्हणजे तुमच्याकडे ७० विरुद्ध ७०. त्यातून एवढा बारीक फरक निघायचा नाही. आणि कोणीतरी तिसऱ्या दिवशी आकडे बघून 'जिंकलं' म्हणणार, ते वेगळंच.

काउंटरवर जाऊन बसा. दोन गट धरा: मालकीणच सगळं बघते अशी घरगुती ठिकाणं, आणि पगारी रिसेप्शन असलेली हॉटेलं. प्रत्येकी पाच जण. काम द्या, प्रश्न नको: 'हे दोघे पाहुणे आलेत, चेक-इन करा.' खऱ्या पाहुण्याचा पासपोर्ट वापरू नका. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या पासपोर्ट मानकात यूटोपिया नावाच्या काल्पनिक देशाचा नमुना आहे, त्या धर्तीवर दोन-तीन खोटे छापून घ्या. घड्याळ लावा आणि प्रत्येक रकान्यासमोर टिपा: किती वेळ थांबला, काय खोडलं, पासपोर्टची पानं किती वेळा उलटली. मध्ये फोन वाजला तर वाजू द्या, काउंटर असाच असतो. तुम्ही मात्र गप्प. 'इथे क्लिक करा' म्हणालात की ती बैठक बाद. शेवटी 'आवडलं का?' विचारू नका. गोंयकार घरी आलेल्याला नाही म्हणत नाही.

माझा अंदाज: पायऱ्या एक की तीन हा मुद्दा मागे पडेल. जन्मतारखेच्या कॅलेंडरला महिना-महिना मागे जावं लागत असेल तर १९६८ चा पाहुणा म्हणजे सहाशेहून जास्त क्लिक. तिथे तारीख टाइपच करू द्या, आणि महिना आकड्यात नको, अक्षरात दाखवा. नाहीतर ०४/०७ म्हणजे एप्रिल की जुलै, हा घोळ होतो. पासपोर्ट नंबरात शून्य आणि ओ यांची अदलाबदल हाही नेहमीचाच.

यावर उपाय पासपोर्टच्या फोटोच्या पानावरच्या खालच्या दोन ओळींत आहे. ४४-४४ अक्षरं, कॅमेऱ्याने वाचता येतात. नाव, नंबर, देश, जन्मतारीख, लिंग, मुदत एवढं भरून येतं. नंबर आणि तारखांना पडताळणीचा अंक असतो, त्यामुळे चूक जागीच पकडली जाते. पासपोर्ट कधी, कुठे दिला हे मात्र तिथे नसतं आणि सी-फॉर्मला ते लागतं. व्हिसाही हातानेच. तरी टायपिंगचा मोठा भाग गेला.

मांडवीपार

वरचं करा, पण त्याआधी एक पान लिहा. नाहीतर पाहणीचा अहवालही पुढच्या मीटिंगचं खाद्य होईल. त्या पानावर एवढंच: प्रश्न एका वाक्यात, पर्याय, कशावरून ठरवणार, कोण ठरवणार (एकच नाव), कोणत्या तारखेला, आणि पुन्हा कधी उघडणार.

एकच नाव म्हणजे एकच. 'डिझाइन आणि सेल्स मिळून' असं लिहिलंत की कोणीच नाही. मालकांना ठरवायचं असेल तर त्यांचं नाव घाला, पण मग दर मीटिंगला कल बदलायची सोय नाही. सेल्सने आपला पुरावा आणावा, डेमोत ग्राहक नेमका कुठे अडतो तो. 'ग्राहकाला हवंय' यावर पुढचा प्रश्न: कोणत्या, आणि तो विकत घेणारा की वापरणारा? तुमच्याकडे ही दोन वेगळी माणसं आहेत. डेमो मालक बघतो, रात्री चार्टरच्या गटाला खोल्या देतो तो काउंटरवरचा पोरगा. डेमोसाठी सगळी माहिती एका पानावर दाखवणारा सारांश वेगळा करता येतो, भरायची स्क्रीन त्याला बांधून ठेवायची गरज नाही.

दुसरं, कोणता निर्णय परत फिरवता येतो ते वेगळं काढा. पायऱ्या एक की तीन हे पंधरवड्यात उलटवता येतं, त्यावर एक बैठक पुरे. डेटाबेसमध्ये नाव एका रकान्यात ठेवायचं की आडनाव वेगळं, हे उलटवणं महाग. सगळी शक्ती तिथे लावा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं, बटणाच्या रंगावर दोन तास. २००९ मध्ये गूगलमधले आघाडीचे डिझायनर डग्लस बोमन बाहेर पडले, तेव्हा निळ्याच्या ४१ छटांची चाचणी घेणारी पद्धत त्यांनी जाहीरपणे कारणांत सांगितली होती. तेवढी वाहतूक असलेल्यांना ती चैन परवडते.

शंकासुर

दोन गोष्टी पटल्या नाहीत.

'पाच जण' हा आकडा लोक मंत्रासारखा म्हणतात. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांच्या हिशेबात एक अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना लागते असं धरलंय, म्हणून पाचात सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. दहातल्या एकालाच लागणारी अडचण पाचात दिसण्याची शक्यता ४१ टक्केच. बिन-आडनावाचा पासपोर्ट हा तसलाच प्रकार. ते शोधायला सपोर्टचे फोन रकान्यानुसार लावा, गेल्या हंगामाचे. शिवाय पाच जणांवरून चुका कळतात, दोन स्क्रीनमधली सरस कोणती हे सिद्ध होत नाही. अहवालात 'पाचपैकी चौघांना तीन पायऱ्या बऱ्या वाटल्या' असं लिहू नका.

आणि वेळ. पावसात पाहणी केली तर काउंटर रिकामा, माणूस निवांत, आकडे गोड येतात. डिसेंबरात कोणी उभं करणार नाही. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरा, आणि १५ डिसेंबर ते ५ जानेवारी काहीही नवीन सोडू नका.

पायऱ्या केल्याच तर प्रत्येक रकाना सोडताना मसुदा सेव्ह झाला पाहिजे. वीज गेली, नेट गेलं, मागे दाबलं, तरी भरलेलं जाता कामा नये. लांब पानाचा रोग वेगळा: सबमिट तळाशी, चुकलेला रकाना वर, आणि लाल अक्षरं कोणाला दिसतच नाहीत. चूक झाली की कर्सर थेट त्या रकान्यात न्या.

पर्वरीकर

कॅलेंडर तपासलं, महिना-महिनाच आहे. आडनावाचा मुद्दाही आमच्याकडे खुलाच आहे, पानावर तोच पहिला घेतो. अजून एक: रकान्यांची नावं मराठी-कोकणीत करावीत का?

टॅबकी

सी-फॉर्मशी जुळणारे रकाने इंग्रजीतच ठेवा, अगदी सरकारी पोर्टलवरच्याच शब्दांत. माणूस अर्थ नाही बघत, आकार जुळवतो. खालची मदतीची ओळ भाषांतरित करा आणि ती वापरणाऱ्याला निवडू द्या: मराठी, देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी, हिंदी. काउंटरवर परराज्यातली पोरंही असतात. देवनागरीला ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी द्या, नाहीतर 'कूं' आणि 'र्‍हि' यांच्या मात्रा कापल्या जातात. डिझायनरला इंग्रजी नमुन्यावर ते कधीच दिसणार नाही.

पर्वरीकर

देव बरें करूं. एक नाव लिहायचं काम सोमवारी.