वारसा क्षेत्रातली जुनी घरं पुरापासून वाचवायला उचलू द्यावीत का?

चुनखडी: दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनने १९३१ साली जुन्या वस्तीच्या एका भागाला वारसा क्षेत्र ठरवलं. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तिथे घराच्या बाहेरच्या बदलांना नगरपालिकेच्या वास्तुरचना मंडळाची मंजुरी लागते. आता भरतीचं पाणी वरचेवर रस्त्यावर येतं, म्हणून घरमालकांना घरं जागच्या जागी उचलून उंच पायावर हवी आहेत. मंडळाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. माझं मत, परवानगी द्यावी, पण फक्त ठरलेल्या पूरपातळीपर्यंत. खाली गाडी मावावी म्हणून वर एक इंचही नको.

ओसरी: पूर्ण असहमत. तिथलं 'सिंगल हाऊस' डोळ्यांसमोर आणा. अरुंद बाजू थेट पदपथाला लागून, कडेला लांब ओसरी, आणि रस्त्यावरचं दार उघडतं ते घरात नव्हे, ओसरीत. हे घर ४ फूट उचललंत तर ७ इंची उठावाच्या सात पायऱ्या वाढतात. प्रत्येक पायरी ११ इंच रुंद धरली तरी जिना जवळजवळ साडेसहा फूट खातो. बाहेर काढला तर पदपथ गेला, आत घेतला तर ओसरी कापली. एवढं करून रस्ता पाण्यातच! त्यापेक्षा भरतीचं पाणी गटारातून उलटं चढू नये म्हणून झडपा बसवा, पंप वाढवा. ते काम पालिकेचं आहे, ते घरमालकाच्या गळ्यात का?

चुनखडी: जिन्याचा मुद्दा मान्य. दार रस्त्याच्या पातळीवर ठेवून पायऱ्या आत घेणं त्यातल्या त्यात बरं. पण झडपा बसेपर्यंत खारं पाणी भिंतीत चढतच राहणार. लोक त्यावर सिमेंटचा गिलावा मारतात आणि तिथेच घात होतो. चुन्याने भरलेल्या विटांच्या सांध्यांतून ओल बाहेर पडू शकते, सिमेंट ती अडवतं. मग मीठ विटेच्या आतच स्फटिक धरतं आणि विटेचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो.

पायाभरणी: उचलण्याचं तंत्र पाहिल्याशिवाय हा वाद अपुरा आहे. पायात भोकं पाडून पोलादी तुळया सरकवतात, सगळे हायड्रॉलिक जॅक एकाच वेगाने चालवतात आणि दर काही इंचांनी खाली लाकडी ओंडक्यांची चौकट रचत जातात. एक कोपरा मागे राहिला की भिंत तडकते. धुराडं घराबरोबर उचलायचं की उतरवून पुन्हा बांधायचं, हे आधीच ठरवावं लागतं. १८८६ च्या भूकंपानंतर तिथल्या अनेक घरांच्या भिंतींतून लोखंडी सळ्या आरपार घातल्या आहेत. त्या गंजल्या असतील तर आधी त्यांचं काम.

नंतरची चूक पुराचं पाणी आत-बाहेर जाऊ देणाऱ्या झरोक्यांची. खालच्या बंदिस्त जागेच्या दर चौरस फुटाला एक चौरस इंच उघडी जागा हवी, किमान दोन झरोके, तेही वेगवेगळ्या भिंतींत आणि जमिनीपासून एक फुटाच्या आत. दिसायला वाईट म्हणून ते बुजवले की पाण्याचा सगळा दाब भिंतीवर येतो.

ओसरी: म्हणजे परवानगी देताना मंडळाने नुसतं घराचं दर्शनी चित्र पाहून चालणार नाही. अर्जासोबत दोन्ही शेजारच्या घरांची उंची, झरोक्यांच्या जागा आणि सळ्यांचा तपासणी अहवाल घ्यायलाच हवा. एवढं सक्तीचं होईपर्यंत माझा विरोध कायम.